घरात नवरा-बायको दोघंच, मग रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? परवान्यापासून कपाटाच्या कुलपापर्यंत

बुऱ्हाणपूर : शेतातल्या घरात राहणारं, मुलं इंदूर-पुण्याला नोकरीला गेलेलं जोडपं आता या जिल्ह्यात नवीन राहिलेलं नाही. केळीचा बाग, विहिरीवरची मोटार, कपाटात थोडं सोनं, रात्री अधूनमधून जाणारी लाईट. शेजारचं घर हाकेच्या टप्प्यात नाही. अशा घरांत कधी ना कधी विषय निघतोच, "एखादं रिव्हॉल्व्हर घेऊन ठेवावं का?" शहरात, जुन्या पेठेत दुकान सांभाळणाऱ्या जोडप्यांच्या बोलण्यातही तो येतो. रावेर, मुक्ताईनगर, जळगाव जामोद, धारणीकडे हीच गोष्ट वेगळी नाही. फक्त तिकडे राज्य बदलतं, आणि त्यामुळे काही बाबी बदलतात.

या विषयावर गावगप्पा भरपूर चालतात. कोणी म्हणतं ओळख असली की महिन्यात परवाना, कोणी म्हणतं आता कुणालाच मिळत नाही. दोन्ही खरं नाही. कायदा काय सांगतो, बाजारात सामान्य माणसाला नेमकं काय मिळतं, आणि दोघांच्या घरात कोणतं हत्यार चालवणं जमतं, ते पुढे दिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट: कट्टा नाही

बुऱ्हाणपूरचं नाव घेतलं की महाराष्ट्रातल्या पोलिसांना खकनार तहसीलमधलं पाचोरी आठवतं. बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचं नावही तसंच. या गावांत बनलेली देशी पिस्तुलं महाराष्ट्रापासून दिल्ली-पंजाबपर्यंत पकडली गेली आहेत. तिथल्या शिकलगार समाजाकडे हत्यारं घडवण्याची पिढ्यांची कला आहे, आणि सगळा समाज या धंद्यात आहे असं समजणं चुकीचं. पण गिऱ्हाईक म्हणून तिकडे वळणाऱ्यानं पुढचा हिशेब डोक्यात ठेवावा.

शस्त्र कायदा १९५९ मध्ये डिसेंबर २०१९ ला दुरुस्ती झाली. त्यानंतर विनापरवाना बंदूक किंवा पिस्तूल नुसतं जवळ बाळगलं तरी किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. बनवणं-विकणं असेल तर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. "घरातच ठेवलं होतं, कुणाला दाखवलं नाही" हा बचाव होत नाही. दोघांपैकी एकाच्या नावावर गुन्हा दाखल होईल, दुसरा सुटेल, असंही गृहीत धरू नये. हत्यार दोघांच्या कपाटात सापडलं तर ते कुणाच्या ताब्यात होतं, हा प्रश्न दोघांनाही विचारला जातो.

शिवाय कट्ट्याची चाचणी कुणी घेतलेली नसते. कारखान्यातून निघालेलं प्रत्येक हत्यार जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासलं जातं, त्याला प्रूफ म्हणतात, आणि तसा शिक्का नळीवर असतो. दिसायला अगदी कारखान्याच्या मालासारख्या कट्ट्याची नळी कधी हातातच फाटते. चोर दारात असताना ते कळण्यात अर्थ नाही.

बारा बोरला कायदा सैल, हँडगनला घट्ट

ही बाब बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि अर्ज फेटाळल्यावर मग वाईट वाटतं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये परवाना देण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी कमीत कमी २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोर, किंवा पीक राखण्यासाठी तोंडातून ठासायची भरमार, यांच्यासाठी नागरिकानं अर्ज केला आणि दुसरी कुठली कायदेशीर अडचण नसली तर परवाना द्यावा, अशी भाषा आहे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलासाठी मात्र परवाना अधिकाऱ्याला "योग्य कारण" पटलं पाहिजे. म्हणजे "भीती वाटते" एवढ्यावर भागत नाही. शेतात एकटं घर असणं, आधी झालेली दरोड्याची किंवा धमकीची तक्रार, व्यवसायात रोकड घेऊन ये-जा करावी लागणं, हे कागदावर दाखवावं लागतं. ठाण्यात नोंद झालेल्या तक्रारीची प्रत जवळ असेल तर ती अर्जाला जोडावी. नुसतं तोंडी सांगितलेलं फायलीत राहत नाही.

त्यामुळे मळ्यात राहणाऱ्या जोडप्यानं पहिला विचार बारा बोरचा करावा, असं अनुभवी परवानाधारक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. बारा बोर लपवता येत नाही, खिशात जात नाही, म्हणूनच ती चोरीला जाण्याची आणि रागाच्या भरात हाती येण्याची शक्यता कमी. अडचण एकच: धक्का जोराचा बसतो आणि अरुंद घरात, जिन्यात, ती फिरवणं कठीण. पेठेतल्या तीन मजली पण दहा फूट रुंद घरात बारा बोर म्हणजे दाराला अडकणारी काठी.

कायद्यात आणखी एक ओळ आहे, तीही लोकांना कमी माहीत. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. मोठ्या बागाईतदारालाच बंदूक मिळते हा समज त्यामुळे कायद्याला धरून नाही. नाकारताना कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्याविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

नवरा-बायको, परवाना एक की दोन?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ. "परवाना ह्यांच्या नावावर आहे, पण शिकवून मलाही ठेवलंय," असं सांगणाऱ्या बायका भेटतात. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. नवऱ्याच्या नावावरचं रिव्हॉल्व्हर बायकोनं स्वतःसाठी बाळगणं कायद्यात बसत नाही. परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी हत्यार नेता येतं, एवढीच सूट आहे. नवरा आठ दिवस जळगावला दवाखान्यात आणि हत्यार घरी बायकोच्या ताब्यात, ही स्थिती कागदोपत्री अडचणीची आहे.

म्हणून खरंच दोघांनी वापरायचं असेल तर दोघांनी स्वतंत्र अर्ज करावा. वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यानंतर ५ वर्षं परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र चालू असेल तरीही नाही. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिसरं जमा करावं लागलं, आणि वारशानं आलेली जुनी बंदूकही या दोनात धरली जाते. आजोबांची टोपीदार बंदूक आणि वडिलांची बारा बोर दोन्ही नावावर असतील तर रिव्हॉल्व्हरला जागाच उरत नाही. तेव्हा आधी एक कमी करावी लागते, आणि तीही कुणाला देऊन टाकता येत नाही. परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला विकायची असली तरी कलेक्टर किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. नवऱ्यानं बायकोला द्यायची असली तरी हाच नियम.

दोन परवाने म्हणजे दोन हत्यारं घ्यायलाच हवीत, असा अर्थ बरेच जण काढतात. खर्चाचा विचार केला तर तसं परवडणारी घरं थोडीच.

अर्ज कुठे, कागद कोणते

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्ज अ-१ नमुन्यात, आणि आता ऑनलाइन भरला जातो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात तो कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेकडे जातो. मध्य प्रदेशात भोपाळ आणि इंदूर सोडले तर हेच चित्र, कारण पोलीस आयुक्त तिथेच आहेत. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत आयुक्तालय, जळगाव-बुलढाण्यात जिल्हाधिकारी.

सोबत ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, शरीर आणि मनाच्या आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. शेवटच्या कागदाकडे लोक औपचारिकता म्हणून पाहतात. तसं करू नये. ज्या बायकोनं आयुष्यात हत्यार हातात धरलं नाही तिच्या नावावर दाखला आणून उपयोग नाही. प्रशिक्षण दोघांनी खरोखर घ्यावं.

पुढे फाईल ठाण्यात जाते. नियमात पोलिसांच्या अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी ६० दिवस अशी मुदत आहे. प्रत्यक्षात ती उलटते, हे सगळ्यांना माहीत आहे. ठाण्यातून चौकशीला माणूस येतो तेव्हा शेजाऱ्यांना विचारतो: दारू पितात का, भांडणं होतात का, मुलाचं काही प्रकरण आहे का. भावाभावांत जमिनीचा वाद कोर्टात असेल तर तो लपवू नये. तो निघतोच, आणि लपवल्याचं जास्त अंगाशी येतं.

परवाना मिळाला की त्यावर एक यूआयएन, म्हणजे देशपातळीवरच्या नोंदणीचा क्रमांक, असतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही. वडिलांचा पिवळा पडलेला परवाना घरात असेल तर आधी त्यावर तो क्रमांक आहे का ते बघावं. मुदत आता ५ वर्षांची आहे, आधी ३ होती.

सीमेवरच्या लोकांनी ही ओळ दोनदा वाचावी

परवान्यावर तो कुठे चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. बुऱ्हाणपूरच्या माणसाचं अर्धं सासर रावेरला, बाजार मुक्ताईनगरला, दवाखाना जळगावला. इच्छापूरहून पुढे गेलं की महाराष्ट्र, देडतलाईहून पुढे गेलं की धारणी. मोटारसायकलवर सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. पण परवान्यावर फक्त मध्य प्रदेश असेल तर सीमेपलीकडे तेच हत्यार विनापरवाना होतं. लग्नाला रावेरला जाताना "दागिने सोबत आहेत म्हणून" रिव्हॉल्व्हर कमरेला लावणं हा सगळ्यात सोपा गुन्हा. दोन राज्यांत शेती किंवा धंदा असणाऱ्यांनी अर्जातच ते सकारण मांडून क्षेत्रवाढ मागावी. घर कायमचं पलीकडे हलवलं तर नव्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याला आणि ठाण्याला मुदतीत कळवणं बंधनकारक आहे.

आणि लग्नाचा विषय निघालाच आहे तर: वरातीत आनंदानं हवेत गोळी झाडणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळाच. यात्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार नेणंही परवान्याच्या अटींत बसत नाही.

मिळतं तरी काय?

सिनेमात दिसणारं ९ एमएम पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ९ एमएम आणि .३८ हे पोलीस-लष्कराच्या वापरातले, म्हणून प्रतिबंधित बोर. घरगुती परवान्यावर साधारणपणे .३२ आणि .२२ यातच निवड असते. परदेशी हत्यारांची नागरिकांसाठीची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे बाजारात असलेली जुनी विलायती रिव्हॉल्व्हरं लाखोंत जातात. दोघांच्या घरासाठी त्यांच्यामागे लागण्यात शहाणपण नाही. सुटे भाग मिळत नाहीत, आणि पन्नास वर्षांच्या स्प्रिंगवर जीव सोपवायचा का, हा प्रश्न आहेच.

सरकारी कारखान्यांचा माल हाच मुख्य पर्याय. आयुध कारखाना मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातली कानपूरची कंपनी रिव्हॉल्व्हरं बनवते. .३२ चं नेहमीचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर सगळ्यात जास्त खपणारं. जानेवारी २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण ५०० ग्रॅम, बायकांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर त्याचं नाव तसं ठेवलं गेलं आणि तेव्हा त्यावर टीकाही खूप झाली, की सुरक्षितता विकत घ्यायला सव्वा लाख कुणाकडे आहेत. 'निडर' हे .२२ चं, अवघ्या पाव किलोचं. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, .३२ चं, सुमारे ७०० ग्रॅमचं. त्याचं चाक बाजूला उघडतं, जुन्यांसारखी बंदूक मधून मोडावी लागत नाही. पिस्तुलात 'अशनी' हे .३२ चं नाव ऐकायला मिळतं. खासगी कारखान्यांतही आता .३२ बनू लागलं आहे. किंमती बदलत राहतात, म्हणून परवाना हातात आल्यावरच अधिकृत विक्रेत्याकडून भाव घ्यावा.

एक फसगत नेहमी होते. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांचं काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. नवऱ्यानं रिव्हॉल्व्हर आणि बायकोनं पिस्तूल घेतलं तर घरात दोन प्रकारची काडतुसं, दोन हिशेब, आणि घाईत चुकीची गोळी भरण्याची भीती. (आपल्याकडे लोकांना वाटतं भुसावळ-वरणगावचे कारखाने जवळ आहेत म्हणजे काडतुसं तिथलीच. वरणगावला मुख्यतः फौजेच्या गोळ्या बनतात; .३२ ची बरीचशी काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची.)

दोघांच्या हाताला जमेल ते

आता मुख्य प्रश्न. रिव्हॉल्व्हरमध्ये चाक असतं, गोळ्या डोळ्यांना दिसतात. उघडलं की भरलेलं आहे की रिकामं ते लगेच कळतं. एखादी गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा ओढला की पुढची येते. वेगळी कळ लक्षात ठेवायला नको. दोष असा की सलग ओढायचा घोडा जड असतो, आणि आपल्या कारखान्यांच्या रिव्हॉल्व्हरांबद्दल हीच तक्रार जास्त. संधिवात असलेल्या, बोटं लहान असलेल्या माणसाला तो पूर्ण ओढता येत नाही, किंवा ओढताना नळी खाली झुकते.

पिस्तूल चपटं, घोडा हलका, मॅगझीनमध्ये गोळ्या जास्त. पण वरचा भाग मागे ओढायला मनगटात जोर लागतो, सुरक्षेची कळ आहे, गोळी अडकली तर ती काढता आली पाहिजे. आणि मॅगझीन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते. घरात होणारे किती तरी अपघात याच एका गोळीचे असतात. वर्षातून दोनदाच हातात घेणाऱ्या माणसाला हे सगळं झोपेतून उठल्यावर आठवेल का?

म्हणूनच, ज्या घरात दोघांपैकी एकानं तरी नियमित सराव करणार नाही हे आधीच ठाऊक आहे, तिथे .३२ रिव्हॉल्व्हर हीच रास्त निवड दिसते. दोघांनी घेतलं तर दोघांनी एकच मॉडेल घ्यावं. निवड करताना घरात ज्याचा हात कमजोर आहे त्याच्या हातानं ठरवावी, आणि ती बायकोच असेल असं धरून चालू नये. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या बोटांची अवस्था तिच्यापेक्षा वाईट असते. विक्रेत्याकडे दोघांनी जावं, रिकामं हत्यार हातात घ्यावं, नळी भिंतीकडे ठेवून घोडा दहा वेळा ओढून बघावा. पहिल्या तीन वेळा सगळ्यांनाच जमतं. दहाव्या वेळी बोट थरथरलं तर ते मॉडेल सोडावं.

हलकं हत्यार म्हणजे सोपं हत्यार, हाही एक भ्रम. वजन कमी झालं की धक्का हाताला जास्त जाणवतो. कमरेला दिवसभर बाळगायचं असेल तर हलकं बरं; घरातल्या तिजोरीत राहणार असेल तर ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर उलट स्थिर. .२२ चा धक्का जवळजवळ नाही, पण मारही तसाच कमी. तरी ज्याला .३२ अजिबात धरवत नाही, त्यानं न धरवणारं घेण्यापेक्षा .२२ घेतलेलं बरं.

गोळी चुकली तर ती कुठे जाईल, हे विकत घेण्याआधी घरात फिरून बघावं. जुन्या शहरात दोन घरांमध्ये भिंत एकच, माडीवर लाकडी पाटण, मागे पत्र्याची आडभिंत. .३२ ची गोळी पत्रा आणि प्लायवूडचं दार सहज पार करते. पलीकडे शेजाऱ्याचं पोर झोपलेलं असतं.

गोळी केव्हा झाडता येते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आशय जवळपास जुनाच. आपल्यावर किंवा दुसऱ्यावर असा हल्ला होत असेल की मरण किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटावी, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार माफ आहे. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांतही. मालमत्तेसाठी हा हक्क जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्याच प्रसंगांत तिथवर जातो. पण प्रत्येक वेळी दोन अटी: पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली का.

आपल्याकडच्या चोऱ्यांना ते लावून बघावं. रात्री विहिरीवरची मोटार किंवा केबल नेणारा चोर, केळीचे घड तोडणारा, सौर पॅनल उचलणारा: ही साधी चोरी. त्याच्यावर गोळी झाडली आणि तो मेला तर बागमालक आरोपी. पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली तर बचाव जवळजवळ संपतोच. दार फोडून हत्यारासह घरात घुसलेला आणि अंगावर येणारा, ही वेगळी गोष्ट. आपली भीती रास्त होती की नाही हे शेवटी कोर्ट ठरवतं, आणि तोवर हत्यार मुद्देमाल म्हणून जप्त राहतं. गोळी झाडल्यावर जागा तशीच ठेवून लगेच ११२ ला फोन करणं, जखमीला दवाखान्यात पोचवायला सांगणं, हत्यार स्वतःहून पोलिसांच्या हवाली करणं, एवढं तरी करावंच.

अमेरिकेत हत्यार बाळगणं हा घटनेतला हक्क आहे, भारतात तसा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये विनापरवाना हत्यारांच्या प्रकरणात पुन्हा बोलून दाखवलं. कलेक्टरनं दिलेला परवाना सार्वजनिक शांततेच्या कारणावरून तहकूब किंवा रद्दही होतो.

कपाट, कुलूप आणि घरातलं भांडण

या विषयावर विक्रेता बोलत नाही, नातेवाईक बोलत नाहीत. घरात हत्यार आलं की ते बाहेरच्या चोरासाठीच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. कर्ज, दारू, नैराश्य, सासू-सुनेचा किंवा बापलेकाचा वाद, आणि हाताशी भरलेलं रिव्हॉल्व्हर. विष पिणाऱ्याला दवाखान्यात नेईपर्यंत काही तास तरी मिळतात, गोळी तेवढा वेळ देत नाही. घरात कुणाला मानसिक त्रासाच्या गोळ्या चालू असतील, कुणी आधी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल, किंवा नवरा-बायकोतच हात उचलण्यापर्यंत भांडणं जात असतील, तर त्या घरानं हत्यार घेऊ नये. बायकोनं चौकशीला आलेल्या पोलिसाला हे स्पष्ट सांगितलं तर त्यात तिचं काही चुकत नाही.

सुरक्षित ठेवण्याची हमी कागदावर दिलेलीच असते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं पक्की केलेली छोटी तिजोरी, हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली, धान्याच्या कोठीत, देवघराच्या मागे ठेवणं बंद. सुट्टीत नातवंडं आली की दोन दिवसांत सगळे कोपरे उपसतात. किल्ली किंवा नंबर फक्त परवानाधारकाकडे. दोघांचे परवाने असतील तरच दोघांकडे. मग रात्री वेळेवर हाती येईल का, हा आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर हत्यारात नसून दारात आहे: आतून लोखंडी ग्रिल, मजबूत कडी, अंगणात दिवा, आणि एक भुंकणारा कुत्रा. दार पाच मिनिटं टिकलं तर तिजोरीही उघडते आणि ११२ चा फोनही लागतो. ज्यांना परवाना मिळाला नाही किंवा नकोच आहे, त्यांनाही हेच उपयोगी; मिरचीच्या स्प्रेला परवाना लागत नाही. छर्ऱ्याची एअरगन ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर तिलाही नाही, पण तिनं दरोडेखोर थांबत नाही, चिडतो.

हत्यार स्वतःच चोरीचं निमित्त होतं हेही जिल्ह्यानं पाहिलंय. २०२२ च्या अखेरीस नेपानगरकडच्या जंगलातल्या वनचौकीतून बंदुका लुटून नेल्या गेल्या होत्या. घरात रिव्हॉल्व्हर आहे हे गावभर सांगत फिरणं टाळावं. हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी ठाण्यात कळवणं हे परवानाधारकाचं काम आहे.

निवडणूक आली की

विधानसभा, लोकसभा, कधी पंचायतीच्या निवडणुकीतही परवान्याची हत्यारं जमा करायला सांगितली जातात. म्हणजे महिना-दीड महिना ती ठाण्याच्या कोठारात. सरसकट सगळ्यांनी जमा करावीत असा आदेश काढण्यापूर्वी छाननी समितीनं प्रत्येक प्रकरण बघावं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढच्या २००९ च्या प्रकरणात ठरलं, आणि महाराष्ट्र-गोव्यातले परवानाधारक त्याचा आधार घेतात. बँकेचे रक्षक, खेळाडू, खरा धोका असलेले यांना सूट मिळू शकते. एकाकी मळ्यातल्या जोडप्यानं सूट हवी असेल तर वेळेवर लेखी अर्ज करावा. जमा करताना पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर आहे का ते बघून घ्यावं.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्यावा. मुदत संपलेल्या परवान्यावरचं हत्यार घरात ठेवता येत नाही. ते ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. परवानाधारक वारला तरी तेच. दिवसपाण्याच्या गडबडीत बायकोच्या हे लक्षात राहत नाही, आणि वर्षभरानंतर कपाटातलं रिव्हॉल्व्हर तिच्यावर गुन्हा होऊन बसतं. वारस म्हणून ती स्वतःच्या नावावर परवाना मागू शकते. नियम त्याहून पुढे जातो: परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर तो हयात असतानाच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि वारसांत बायकोही येते.